आवाजामागची सूं

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळं ठणठणीत आहे, फ्रिज सोडून. फोनच केला असता, पण हल्ली तू फोनवर माझा आवाज आला की आधी ‘बाबांना दे’ म्हणतेस. मागच्या खेपेला तुझ्याकडे आले होते तेव्हा माझ्या तोंडून जे निघून गेलं, त्यानंतर तू माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोललेली नाहीस. बरं, नको बोलूस. पण कागदाला काही ‘बाबांना दे’ म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

तर या घरात माझ्यापासून काहीतरी लपवलं जात होतं, आणि त्यात तुझाही हात असणार असा मला दाट संशय होता. तुझे बाबा आणि लपवाछपवी! आजवर या माणसाला माझ्यासाठी आणलेली साधी भेटवस्तू संध्याकाळपर्यंत लपवता आली नाही. पण या वेळी ताकास तूर लागू देईनात. सुरुवात फ्रिजपासून झाली. एक दिवस दूध नासलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा नासलं. बघते तर फ्रिजचा प्लग काढून ठेवलेला. विचारलं तर म्हणाले, विजेची बचत. दिवसभर खोलीतला दिवा जळत ठेवणारा माणूस मला बचत शिकवतो! मग दुपारी पंखे बंद व्हायला लागले. मग माझ्या कुकरवर बंदी आली, शिट्टी होते म्हणून. आणि एक दिवस मी रजई काढायला कपाट उघडलं, तर आत हे. रजयांच्या मध्ये स्टूल टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, घामाने निथळत बसलेले. चेहरा असा साळसूद, जणू सगळी मंडळी आपापल्या कपाटातच बसतात.

म्हणाले, आठवणी रेकॉर्ड करतोय. म्हटलं, कुणाच्या? माझ्याशी लग्न झाल्यापासूनच्या आठवणी असतील तर मला विचारल्याशिवाय करू नका, तुम्हाला अर्ध्या आठवत नाहीत. त्यावर उडवाउडवीची उत्तरं. मी सोडते काय! दार लावून घेतलं की मी दाराला कान लावायची. हो, लावायची. उभा जन्म पंख्यांच्या कारखान्यात मोटरींना कान लावण्यात गेला, दाराला लावायला मला कसली लाज. आतून काय ऐकू यावं? ‘शाब्बास गं माझं सोनं!’ मग बराच वेळ शांतता. मग पुन्हा, ‘शाब्बास!’ इतक्या लाडात हा माणूस माझ्याशी कधी बोलला नाही गं. माझं सोनं! मी भिंतीला टेकून उभी, हातात झाडू. आधी हसूच आलं, मग मात्र ते मावळलं. या वयात माणसाला कोण सोनं भेटलं असेल, हाच विचार. तुला आत्ता हसू येत असेल. खुशाल हस.

म्हणून ते बाजारात गेले तेव्हा मी लॅपटॉप उघडला. शेजारी पेनाच्या टोपणाएवढी एक वस्तू खोचलेली, तिला माइक आणि हेडफोन लावलेले. त्यांनी केलेलं रेकॉर्डिंग लावलं, तर शब्द ऐकू येण्याआधी मला ऐकू आली ती सूं. बाबांच्या आवाजामागे एकसारखी सूंऽऽ, आणि तिच्याही मागे बारीक घरघर. असली मोटर कारखान्यात माझ्यापुढे तपासायला आली असती तर मी दुसऱ्यांदा कानही लावला नसता, सरळ खडूची फुली. संशय राहिला बाजूला, पुढचं न ऐकताच मी ते बंद केलं, आधी खडू शोधला आणि त्या वस्तूवर फुली मारली. नापास. बाबा आले, फुली बघितली, आणि त्यांना कळलं की मला कळलंय. पण काय कळलंय ते त्यांना कळेना, आणि खरं सांगायचं तर मलाही. मी एवढंच म्हणाले की ज्या कुणासाठी हे चाललंय तिच्या कानांची तरी कीव करा. त्यावर बाबांचा चेहरा एकदम उतरला. माझा संशय दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशी ते ती वस्तू बदलायला निघाले, तेव्हा मीही त्यांच्यासोबत दुकानात गेले, त्यांच्यावर नजर ठेवायला. दाढीवाला दुकानदार गोड बोलत होता, म्हणजे सावध राहायला हवं. म्हणाला, सूं येतेच हो, नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकायची. म्हटलं, चेहरा धुण्यापेक्षा काजळी लागू न दिलेली बरी. मग त्याने त्या वस्तूच्या जागी लावायचं एक साउंड कार्ड काढलं, छोट्या डब्यासारखं, त्यावर इतके दिवे आणि बटणं की विमान उडवता येईल. यात अख्खा बँड एकदम रेकॉर्ड होतो म्हणे. आमच्या घरात एकच म्हातारा आहे आणि तो कपाटात बसतो, म्हणून मी साधं दाखवायला सांगितलं. एक माइक लागला पाहिजे, आपला आवाज हेडफोनमध्ये उशिरा येता कामा नये, आणि मागे काही वाजता कामा नये, बस. हे उशिराचं बाबांनी सांगितलं. जुन्या वस्तूत त्यांचा आवाज त्यांच्याच कानात मागून यायचा आणि ते बोलताना अडखळायचे.

त्याने दोन-तीन डबे मांडले आणि माइकसमोर हॅलो हॅलो करायला लागला. मी थांबवलं. म्हटलं, काही बोलू नका, नुसतं रेकॉर्ड करा. पंखा बंद करा, दार लावा, आणि गप्प उभे राहा. गिऱ्हाईकही गप्प. मग प्रत्येक डब्याची ती शांतता मी हेडफोनवर, आवाज पार वर करून ऐकली. मोटर अशीच तपासायची असते, तिच्याकडून काही काम न करून घेता. दिव्यांच्या डब्यातसुद्धा खालच्या अंगाने गुणगुण होती बरं का, आणि दुकानदार माझ्याकडे असा बघायला लागला की बाई तपासणी करायला आलीय की खरेदी करायला. मधला करडा, दिसायला अगदी बावळट डबा होता, तो चिडीचूप होता. किंमतही आपल्याला झेपणारी. तोच घेतला. निघताना बाबांनी दुकानदाराला हळूच विचारलं, यात ‘स’ स्वच्छ येईल ना? ‘श’ आणि ‘स’ वेगळे कळतील ना? मला ते ऐकू गेलं. आठवणी सांगणाऱ्या माणसाला ‘स’ची एवढी काळजी कशाला?

आज दुपारी त्यांनी नव्या डब्यावर केलेलं रेकॉर्डिंग मी त्यांच्यासमोरच लावलं. सूं नाही, घरघर नाही. फक्त बाबा. ‘आ.’ मग थांबले. ‘ऊ.’ थांबले. ‘ई.’ मग ‘म्’, ‘श्’, ‘स्’. प्रत्येकानंतर कुणीतरी तेच म्हणेल एवढी जागा. आणि मग, ‘ऐकलंस? शाब्बास गं माझं सोनं!’

ठमे, मी हेडफोन काढलासुद्धा नाही. हल्ली तू पाठवतेस त्या प्रत्येक फोटोत तुझ्या पिल्लूच्या डोक्यावर टोपी का असते, हे मी मनात कितीदा कुरतडलं होतं. फोनवर तिला दाखवायला सांगितलं की ती नेहमी झोपलेली का असते, तेही. मी बाबांकडे बघितलं आणि ते घळाघळा रडायला लागले. तू त्यांना शपथ घातली होतीस म्हणे. पिल्लूच्या कानांना यंत्रं लावलीत, तिला ऐकायला-बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी घरच्या माणसांचे स्वच्छ आवाज मागितलेत, फोनवरचा आवाज फाटतो, सगळं सांगितलं त्यांनी. आणि शेवटी हेही की आईला कळलं तर ती म्हणेल, मी सांगितलं नव्हतं का.

सांगितलं होतंच मी. तुझ्या स्वयंपाकघरात माझ्या हातून भांड्यांची चळत कोसळली, तुझा चहा सांडला, शेजारीण दारात येऊन उभी राहिली, आणि पिल्लू पाठमोरी बसून ठोकळ्यावर ठोकळा रचत राहिली. मी म्हणाले, हिला ऐकू येत नाही. तू म्हणालीस, आई, माझी मुलगी म्हणजे तुझ्या कारखान्यातली मोटर नाही, माणसांवरही फुल्याच मारायच्या असतात तुला. मी परत आले आणि रोज देवाजवळ एकच मागत राहिले, की या एका बाबतीत माझा कान चुकलेला असू दे. मला बरोबर ठरायचं नव्हतं गं. जन्मात पहिल्यांदा मला चुकायचं होतं.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. बाबांची नवी कवळी ‘स’ म्हणताना शिट्टी मारते. त्यांना ती ऐकू येत नाही, मला येते. पोरीच्या कानावर पडणारा ‘स’ शिट्टीचा नको. म्हणून त्यांना कपाटाबाहेर काढून मी आत बसले. सोबतच्या पेनड्राइव्हवर माझा आवाज आहे, सगळी अक्षरं, आणि शेवटी ‘आजी’. त्याच्यापुढे मी भरपूर जागा सोडली आहे आणि ती जागा मी कान लावून तपासली आहे, तिथे काहीही वाजत नाही. ऐकवायचं की नाही ते तू ठरव, मी विचारणार नाही. पण ऐकवलंस आणि त्या जागेत ती काही बोलली, काहीही, नुसता हुंकार दिला तरी, तर मला फोन कर. बाबांना देणार नाही मी.

खडू फेकून दिलेली,
तुझीच
आई