ठोकळ्यांची जागा

सोमवार, ३

पलंग लंगडा आहे. आल्या आल्या हेच लिहिते. म्हातारीला हौसेने बोलवायचं आणि डुगडुगत्या पलंगावर निजवायचं, ही कुठली रीत? बाकी घर झकास. उजेड भरपूर, नळाला पाणी, आजूबाजूला चिटपाखरू नाही. भांडायला शेजारीण नाही एवढंच दुःख. नात दगडांची डॉक्टर. घराला लागूनच तिची शेड, मधलं दार उघडलं की दगडच दगड. ही वही तिनेच दिली. म्हणाली, आजी, कामात असले की मला बोलू नकोस, हिला बोल. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, वहीने गोड मानून घ्यावं.

मंगळवार, ४

शेड पाहिली. यंत्राने जमिनीत खोल भोक पाडतात, दगडाच्या गोल कांड्या वर काढतात आणि पेट्यांत ओळीने निजवतात. नात सांगत होती, इथे एके काळी समुद्र होता आणि काठाने आगीच्या डोंगरांची रांग. डोंगर ओकला की राख पाण्यात पडून तळाशी बसायची. तो गप्प झाला की वर गाळ. मग पुन्हा राख. तळ खचत गेला, थर चढत गेले. मी म्हटलं, म्हणजे सासू-सुनेचं भांडणच की, कोटी वर्षं चाललेलं. पोट धरून हसली. ओलं फडकं फिरवलं की कांडीवर पट्टे उठून दिसतात, करडी राख, काळा गाळ. पुसायचं काम मी मागून घेतलं. बसून खाणाऱ्यातली मी नव्हे.

बुधवार, ५

एका पेटीत कांड्यांच्या मधेच लाकडी ठोकळे कोंबलेले. पसारा नुसता. काढले, कांड्या एकमेकींना नीट भिडवल्या आणि ठोकळे पलंगाच्या पायाखाली सारले. आता हल म्हणावं!

गुरुवार, ६

सकाळी फरशीवर करडी भुकटी. झाडली. जेवेपर्यंत पुन्हा आली, आणि तिच्यावर काळा चिखल, सारवल्यासारखा पातळ. नातीला वाटलं, मीच पाय न पुसता शेडमधून आले. माझे पाय तपासले कार्टीने.

शुक्रवार, ७

नातीला ठोकळे दिसले. ओरडली असती तर बरं होतं. हळू आवाजात विचारलं, कुठल्या पेटीतले? यंत्राच्या हाती जिथे काहीच लागत नाही, तिथे ठोकळा ठेवतात म्हणे. खाली काहीतरी आहे, वर आलं नाही, त्याची जागा राखून ठेवायची. तिने सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं.

ठोकळे घेऊन धावलो. कांड्या सरकेनात. सांधाच दिसेना, दोघींची एक झालेली. नातीने हातोडी घातली, तर दांडा मोडला.

त्याची जागा मी बुजवली. मग ते राहणार कुठे?

शनिवार, ८

चिखल उपसावा तेवढा वाढतो, आणि वाळला की दगड. बाहेरचं दार आत उघडणारं, ते रुतलं. खिडक्यांना गज. शेडचं शटर अर्ध्यावर गाडलेलं.

नातीने सुरीने फरशीवरचा थर कापून पाहिला. पट्टे पेटीतलेच, खालून वर, त्याच क्रमाने. मी विचारलं, आता पुढचा कुठला? ठोकळ्याच्या जागेचा, म्हणाली, जे वर आलं नाही त्याचा. आणि त्याच्यावर? तिने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, राख. पुरुषभर जाड.

मला इथे आणून सोडणाऱ्या जीपवाल्याला नातीने फोन लावला. तो वैतागला. म्हणाला, अहो, आत्ताच तर आजींनी कळवलं की येऊ नका.

मी फोनला शिवलेही नव्हते.

फोन नंतर लागलाच नाही.

रविवार, ९

शेडमधून हाक आली. पोरी, जरा इकडे ये गं. आवाज माझा. मी नातीसमोर तोंड मिटून बसलेले — ती माझ्याकडे बघते, दाराकडे बघते —

तरी उठली. सवयीने. मी पदराशी धरून ठेवली.

दुपार. छतातून राख पडते आहे. गरम नाही. आगीतून फुफाट्यात म्हणतात, इथे आग कुठे दिसलीच नाही —

दुसरी हाक. आता रडते आहे. मी कधी अशी रडले नाही — पण आवाज माझाच —

पोरी, बोलत नाही, लिहून दाखवते. बोललेलं ते उचलतं. त्याची जागा मी घेतली, माझी त्याला देते. राख थांबेल की नाही, ठाऊक नाही. दुसरं काही सुचत नाही —

वाच आणि मान हलव. रडू नकोस, वही भिजते.

मी दारापलीकडे गेले, की त्यानंतर माझ्या आवाजात कोणीही हाक मारो — आजी म्हणून सांगो — ती मी नव्हे. तू ओ द्यायची नाहीस. ऐकलंस? ओ मीच देणार, फक्त मी —

तिसरी —

तू नाही, मी