थोडाफार

४ तारीख, मंगळवार

थोडाफार! ज्याने हा शब्द लिहिला त्याला माझ्यासमोर उभा करा एकदा.

गर्भ नको, हे ठरवायला आम्हा दोघांना दहा मिनिटं लागली. पहिली गोळी शनिवारी दवाखान्यात, बाकीच्या काल दुपारी घरी. दवाखान्याने दिलेल्या कागदावर एकच ओळ – ‘यानंतर थोडाफार रक्तस्राव होईल, घाबरू नये.’ दोन तासांत मी न्हाणीघराच्या फरशीवर. गाठी पडत होत्या, लिंबाएवढ्या. नवरा दाराबाहेर कागद घेऊन उभा – “अगं, पण इथे थोडाफार म्हटलंय!”

“मग आत ये आणि थोडाफार पुसून घे!”

फोन त्यानेच लावला. नर्स शांत. “ताई, पॅड किती भिजले?” मोजतंय कोण! “मोजा. तासाला दोन गच्च, आणि असं सलग दोन तास झालं, तर उठा नि या. त्याहून कमी असेल तर पोट शेकत पडा. गाठी पडतातच.”

मोजले. पहिल्या तासात दीड, दुसऱ्यात एक. मग उतरत गेलं. जिवात जीव आला. एवढं एक वाक्य कागदावर मावत नव्हतं?

५ तारीख

छापखान्यात कळवलं, पोट बिघडलंय. मालक – “असं काय खाल्लंत?” गोळ्या, म्हणणार होते.

८ तारीख, शनिवार

अजून जातंय. तपकिरी, मग पुन्हा लाल. नवरा विचारतो, “अजून?” – नळ दुरुस्त करणाऱ्याला विचारावं तसं! कागद गप्प. पुन्हा नर्सला फोन. एक-दोन आठवडे चालतंच, म्हणाली. डाग तर कधी महिनाभरही. ताप आला, घाण वास आला, कळ वाढत गेली तर मात्र थांबायचं नाही. लघवीची तपासणी चार आठवड्यांनी. आधी केली तर गर्भ नसतानाही ‘आहे’ दाखवते.

“हे छापत का नाही तुम्ही?” तडकलेच मी.

“लिहून दिलं होतं हो, ताई. छापून आलं ते हे.” मग हळूच – “परवा एक मुलगी आणली. दिवसभर पॅड बदलत बसली होती. थोडाफार म्हणजे एवढं असणारच, असं वाटलं तिला. दारातच कोसळली. वाचली, नशीब.”



१० तारीख, सोमवार

कामावर रुजू. चौदा वर्षं मुद्रितं तपासते मी. लोकांच्या चुका काढायच्या, मजकूर जागेत बसवायचा. जेवणाच्या सुट्टीत दवाखान्याला पत्र लिहिलं. त्या मुलीबद्दलचं सगळं. शेवटी – ‘हा शब्द ज्याने घातला त्याच्या हाती पुन्हा लेखणी देऊ नका.’ तीनदा वाचलं. चोख!

११ तारीख

पत्राला जोडायला तो कागद उलगडला. तळाशी, घडीत, मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव. आमचंच.

छापखान्यातल्या कपाटातून त्याचं जुनं मुद्रित काढलं. नर्सच्या सगळ्या ओळी आहेत – दोन पॅड, दोन तास, ताप, वास. सगळ्यांवरून एक लाल रेघ. समासात – ‘एका पानात मावत नाही. “थोडाफार” पुरे.’

अक्षर माझं.