पेट्रोल, भजी आणि चार पेट्यांचा मध

बाबा, तुमच्या मधाचा हिशेब मी केला त्याला इतकी वर्षं झाली, की तो कागद कुठे गेला हे आता मलाही सांगता येणार नाही. हिशेब मात्र पाठ आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाचा उत्पादनखर्च काढत आले, आजही खराडीच्या ऑफिसात तेच करते. पण एवढा चोख हिशेब पुन्हा काही जमला नाही. त्यात एका रुपयाची चूक नव्हती. चूक नव्हती याचंच आता वाईट वाटतं.

रविवारची सकाळ आहे. आपण कसब्यातून स्कूटरवर निघालोय, तुम्ही पुढे, मी मागे, मांडीवर रिकामा डबा आणि त्यात जाळीची टोपी. कात्रजचा घाट ओलांडला की तुमच्या नोकरीतल्या मित्राचं शेत. बांधावर जांभळीखाली तुमच्या चार पेट्या, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी. तुम्ही झाकण उचलता, थोडा धूर देता, आणि एरवी घरातलं साधं दारही आपटून लावणारा माणूस एकदम हलक्या हाताचा होतो. माश्यांनी भरलेली चौकट उन्हात धरून तुम्ही मला राणी दाखवता. मला ती कधीच पटकन सापडायची नाही. मी सापडली म्हणायचे. मध काढायच्या दिवशी पोळ्याचा पहिला तुकडा तुम्ही माझ्या तळहातावर ठेवता आणि तो संपेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहता. परतताना घाटात थांबून गरम भजी. घरी आलं की आई विचारायची, मध किती आणि माश्या चावल्या किती, आणि दोन्ही उत्तरं ऐकून हसायची.

हिशेब करायला तुम्हीच सांगितलंत. मी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होते, कॉस्टिंग नुकतंच शिकत होते, आणि तुम्हाला त्याचं भारी कौतुक. आमच्या माश्यांचाही ताळेबंद काढ की, असं चेष्टेत म्हणालात. मी खरोखरच काढला. पेट्यांची झीज, मेणाचे पत्रे, पावसाळ्यात फुलं नसतात तेव्हा पाजायची साखर, बाटल्या, झाकणं, मेणकिड्याने खाल्लेली पोळी. उत्पन्नाच्या बाजूला फक्त विकलेला मध धरला. नातेवाइकांना, डॉक्टरांना, खालच्या मजल्यावरच्या खोकणाऱ्या आजोबांना दिलेला सोडून दिला, कारण त्याचे पैसे आले नव्हते. सगळ्यात मोठा खर्च निघाला पेट्रोलचा, आणि त्याच्याखाली घाटातली भजी, दोन प्लेट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. जेवायला बसल्यावर मी सगळं वाचून दाखवलं: आपला मध आपल्याला दुकानातल्या मधाच्या दुपटीहून महाग पडतो. तुम्ही कागद हातात घेतलात, चष्मा वर केलात आणि म्हणालात, "भजीसुद्धा धरलीस?" मी म्हटलं, खर्च तो खर्च. पैकीच्या पैकी मार्क मिळाल्यासारखं वाटत होतं मला.

महिन्याभरात तुम्ही पेट्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर आणल्यात. पेट्रोल वाचलं. तुझेही रविवार मोकळे झाले, असं तुम्ही म्हणालात, आणि मी म्हटलं, बरं झालं. मला ते बरं वाटलं नव्हतं. पण पेट्रोलवर बोट मीच ठेवलं होतं, आता कोणत्या तोंडाने बोलणार? आणि पेठेत फुलं कुठली? कुंड्यांतली तुळस, नाहीतर देवळाबाहेरच्या हारांतला झेंडू. माश्यांनी आपली सोय बघितली. त्या कोपऱ्यावरच्या रसवंतीत जायला लागल्या. आठवड्याभरात रसवंतीवाले जिना चढून वर आले. "काका, तुमच्या माश्या रोज फुकट रस पितात. आमचं काही म्हणणं नाही, पण गिऱ्हाईक उभं राहत नाही." तुम्ही स्वतःच्या खर्चाने त्यांच्या दुकानाला बारीक जाळी लावून दिलीत. गिऱ्हाइकासाठी जाळीचा पडदा उघडला की माश्या आत शिरायच्याच, आणि रसात बुडून मरायच्या. तुम्ही रोज संध्याकाळी जाऊन ते बघून यायचात.

त्या वर्षी पोळ्यांतून जे निघालं ते पातळ होतं आणि त्याला उसाचा वास होता. मी म्हटलं, बाटल्या भरू, कोणाला कळतंय. तुम्ही एवढंच म्हणालात, "कळत नाही म्हणून विकायचं?" आणि पावसाळ्यात तो सगळा माश्यांनाच परत पाजलात. तरी दिवाळीच्या आधी एक पेटी रिकामी झाली, माश्या उठून गेल्या. उरलेल्या तीन तुम्ही मित्राला देऊन टाकल्यात, कायमच्या. "आता खर्चही नाही आणि उत्पन्नही नाही," तुम्ही म्हणालात. "बसला ताळा." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले तरी असते. त्यानंतर रविवारी तुम्ही पेपर वाचत बसायला लागलात. आपण दोघंच असे पुन्हा कुठे गेलो नाही, दवाखाना सोडून.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी तुमच्या मित्राकडे गेले आणि त्या माश्यांच्या वंशातली एक पेटी मागितली. काका थकलेत, पण बोलणं तसंच आहे. तुम्ही पेट्या दिल्यात त्या दिवशी त्यांनी तुम्हाला अधूनमधून येत जा म्हणून सांगितलं होतं, पेट्रोलला पैसे देतो असंही म्हणाले होते. "तर तुझे बाबा म्हनले कसे," काका मला सांगत होते, "पेट्रोलचं काय न्हाय रे, मागची शीट रिकामी ऱ्हाती." मी पेटीकडे बघत उभी राहिले. बाबा, मी घरातच होते की. हाक मारायची होती. पण मला मोकळे रविवार हवेत असं तुम्हाला वाटलं, आणि मीही तसं वाटू दिलं.

आता त्या बांधावर माझ्या दोन पेट्या आहेत. गाडीने जाते, बोगद्याच्या तोंडाशी गर्दीत अडकते, घाटाऐवजी हायवेवर भजी खाते. ती तेलकट असतात. ऑफिसातली मुलं विचारतात, मॅम, यात प्रॉफिट आहे का? आहे ना, म्हणते मी, साखरवाल्याला आहे. गेल्या महिन्यात काकांच्या मुलाने सांगितलं की शेताचा तो उरलेला तुकडाही विकलाय, तिथे इमारत होणार, पेट्या हलवाव्या लागतील. सगळ्यांनी एकच सल्ला दिला: तुमच्या सोसायटीची एवढी मोठी गच्ची आहे, खर्च शून्य. मी भोरच्याही पुढे एक जागा बघून आले. करंज आहेत, जांभळी आहेत, ओढा आहे. पेट्रोल दुप्पट होणार. हिशेब मी करून बघितला आणि तरी हो म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं ते माहीत नाही, तेव्हा ते इथेच राहील. एक मात्र सांगायचं राहिलं. मला मध आवडत नाही. तेव्हाही आवडायचा नाही, घसा खवखवायचा. तळहातावरचा तो तुकडा मी दर वेळी संपवायचे, कारण तुम्ही बघत असायचात.