मानवतची लाइन आणि माझा मंत्र

९ जानेवारी १९७८
टेलिफोन एक्सचेंजचे साहेब म्हणाले, ट्रंक कॉलच्या ग्राहकांवर खेकसता. आणखी एक तक्रार आली तर नोकरी पक्की होणार नाही. मी खेकसत नाही. धान्यबाजारातल्या, म्हणजे मोंढ्यातल्या, आडतवाल्या बन्सीधर शेठना एवढंच सांगितलं होतं, की ओरडल्याने मानवतची लाइन लागत नाही, तारेला कान नसतात. ही तांत्रिक माहिती आहे. तरी मंत्रध्यानाच्या वर्गात नाव घातलं. राग जातो म्हणे. मला नाही, पण साहेबांना पुरावा लागतो.

१० जानेवारी
फळं, फुलं, कोरा रुमाल दिला. गुरुजींनी कानात मंत्र सांगितला. अट : कुणाला कळता कामा नये. सोपं आहे. मी जेवणात काय होतं तेही कुणाला सांगत नाही.

१२ जानेवारी, सकाळ
पूर्ण शांतता लाभली. मधेच घरमालकीण दगडाबाई डोकावल्या : "बाई, व्हट लय हलायलेत, पन कपाळाची आठी काय हलंना." ध्यानात आहे, असं शांतपणे सांगितलं. तेव्हाच पलीकडच्या नर्मदाबाई घाबरून बाहेर आल्या, तो योगायोग.

१६ जानेवारी
घरी व्यत्यय फार. यापुढे ध्यान ड्यूटीवर, दोन कॉलच्या मधे. कानाला हेडफोन असतोच. बाहेरचा आवाज बंद. व्यवस्था निर्दोष.

१८ जानेवारी, दुपार
मानवत बिझी. डोळे मिटले. इतकी खोल गेले की मंत्र थोडा मोठ्याने झाला. डोळे उघडले तर बोर्डावरची बोलायची कळ चालूच, आणि पलीकडे लाइनची वाट बघत बन्सीधर शेठ. पण या लाइनवर कुणाला काही ऐकू येत नाही. काळजीचं कारण नाही.

२१ जानेवारी
मानवत बिझी. शेठ ओरडले नाहीत. संथ गुणगुणत होते. ओळखलं. विचारलं, तर म्हणाले : "बाई, तुमीच तर सांगितलं की. लाइन लागंस्तोवर म्हणायचं न्हवं का? सगळा मोंढा म्हणायलाय. लय आराम हाय."
मी शांत आहे. पेन्सिल आधीच मोडकी होती.

३० जानेवारी
साहेबांनी बोलावलं. तीन आठवड्यांत एकही तक्रार नाही, उद्या वर शिफारस पाठवतो, म्हणाले. मग दार लोटून हळूच म्हणाले, मोंढ्यात एक मंत्र मिळालाय, मन शांत राहतं. तुम्हाला म्हणून सांगतो, कुणाला सांगू नका. आणि माझा मंत्र मलाच सांगितला.
मी फक्त वस्तुस्थिती सांगितली. शिपाई पाण्याचा पेला घेऊन धावत आला.

३१ जानेवारी
तक्रार आली. या वेळी ग्राहकाची नाही, साहेबांची. शिफारस रद्द.
संध्याकाळी बन्सीधर शेठचा फोन. "बाई, मनाला लावून घेऊ नका, माज्या मागं म्हना." त्यांनी मंत्र म्हटला. दुसरं अक्षर चुकीचं होतं.
दुरुस्त करून दिलं.