सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी

सोलापूर,
मंगळवार

प्रिय अप्पा,

पत्र बघून आधी दचकू नका. घरी सगळं ठीक आहे. नागम्मा आत्यासाठी कडक भाकऱ्यांचा डबा शिवूबरोबर मोडनिंबला पाठवतेय, त्याच डब्यावर हे पत्र असेल. आणि हो, तुमचा जुना चष्मा सापडला. माझ्याच पर्समध्ये होता. हरवला म्हणून दोन महिने तुम्ही स्वतःलाच बोल लावत होतात, आणि मी मान डोलवत होते.

तीन दिवस झाले, माझं डोकं नुसतं भणभणतंय. कुठून सांगू तेच कळेना. ‘आठवतंय का’ असं लिहायला घेतलं आणि खोडलं, कारण हा प्रश्न तुम्हाला परत विचारायचा नाही असं ठरवलंय. मीच सांगते सगळं.

महेश्वर शेठच्या कारखान्यात नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाला कॉम्प्युटर लागला तेव्हा त्याच्यातली इंग्रजी बटणं बघून तुम्ही म्हणाला होतात, चाळीस वर्षं चादरींची नक्षी काढली, आता ह्या वयात ए-बी-सी-डी कुठं शिकू बाई. म्हणून मी तुमच्यासाठी एक छोटी भाषा केली. काठ, वेल, फूल, दहा वेळा, उलटं, एवढ्याच शब्दांची. तुम्ही ओळी लिहायच्या आणि माझा प्रोग्राम त्या वाचून जकार्डला सांगणार, कुठले धागे उचल. मी त्याला इंटरप्रिटर म्हणायची, तुम्ही दुभाषी म्हणायला लागलात. आजीचं कन्नड अव्वा शेजारणीला मराठीत सांगायची ना, तसा. आणि अव्वा गेल्यावरही प्रत्येक नक्षीतल्या मधल्या फुलाला तुम्ही एकच नाव देत राहिलात, तिचंच, माझ्या आईचं, ‘शांतम्मा’. कागदावर काढायचात तेव्हाही कोपऱ्यात पेन्सिलीनं तेच नाव असायचं. मग मध्ये कमळ असो की मोर.

मग ह्या वर्षी चादरी चुकायला लागल्या. काठ नवा आणि मध्ये भलतंच फूल, आधीच्या नक्षीतलं. एकदा झालं, दोनदा झालं. मठाच्या साठ चादरींत मोराच्या जागी कमळ आलं तेव्हा शेठनी मला बोलावून घेतलं. मी फाइल उघडली तर तिच्यात मोर! लॅपटॉपवर चालवून बघितलं, तिथंही मोरच. आता सांगा, मी काय समजायचं? मी समजले की तुम्ही कारखान्यात चुकीची फाइल लावलीत, घरी येऊन गुपचूप दुरुस्त केलीत, आणि तेसुद्धा विसरलात. तुमच्याच हाताखाली शिकलेल्या त्या पोरीच्या, संस्कृतीच्या, नक्षीत कधी धागा इकडचा तिकडे झाला नव्हता. चुकायचं ते फक्त तुमचं. माझा प्रोग्राम चुकत असता तर तिचंही चुकलं असतं की नाही? असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. वर हेही म्हणाले, की अप्पा, आता कबूल करा, तुम्हाला आठवत नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि हळूच म्हणालात, “व्हय गं, असंल. डोस्कं चालंना आता.” त्या दिवसापासून तुम्ही कारखान्यातल्या त्या खुर्चीत बसला नाहीत, आणि पुढे मोडनिंबला आत्याकडे निघून गेलात.

डॉक्टर तर म्हणाले होते की वयाच्या मानानं सगळं छान आहे. मीच बाहेर येऊन म्हणाले, दहा मिनिटांत त्यांना काय कळतंय. इतकी शहाणी मी.

तर गेल्या शुक्रवारी संस्कृतीचा फोन आला. पोरगी हुंदके देत होती. ताई, मी मध्ये खारकेचं फूल घातलं होतं हो, कमळ कसं आलं, देवाशप्पथ मी काही केलं नाही. तिनं तुमची एक जुनी नक्षी घेऊन फक्त मधलं फूल बदललं होतं, नाव ‘शांतम्मा’च ठेवलं होतं. चोवीस वर्षांची पोरगी ती, तिला कुठला विसराळूपणा?

मग मी कामाला लागले. लॅपटॉपवर तीच फाइल शंभरदा चालवली, शंभरदा खारीक. कारखान्यात चालवली, तर कमळ. वायर बदलली, पेनड्राइव्ह बदलला, जकार्ड खोलून घेतलं, बिचाऱ्या मेकॅनिकवर उगाच ओरडले. मग वाटलं, आपल्यालाच काही दिसत नाहीये की काय. अप्पा, खोटं नाही सांगत, त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की डोळ्यांसमोर बरोबर दिसलेलं बाहेर चुकीचं निघालं की माणसाला कसं वाटतं. मी एक दिवसात रडकुंडीला आले. तुम्ही सात महिने काढलेत.

शेवटी तुमचा खण उघडला, काही सापडतंय का बघायला. त्यात तुमची निळी वही होती. तारीख, वार, कुठली नक्षी लावली, काय निघालं, एकही दिवस सुटलेला नाही. ज्याला आठवत नाही म्हणून मी घरी बसवलं त्या माणसाची ही वही! आणि तुम्ही लाल पेनानं खुणा केल्या होत्यात. साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी लावलेली नक्षी कधीच चुकलेली नाही. चुकायची ती त्या आठवड्यातली तुमची दुसरी. हे तुम्ही मला सांगितलंसुद्धा होतं, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी मशीन नीट चालतंय बघ बाई. आणि मी काय म्हणाले? मशीनला काय सुट्टी लागते का ओ अप्पा! वर हसलेही.

कारखान्यातला कॉम्प्युटर फक्त सुट्टीला बंद होतो. एरवी आठवडाभर दुभाषी एकसारखा जागा असतो. लॅपटॉपवर मात्र मी दर वेळी त्याला नव्यानं सुरू करायची. तिथंच सगळी गंमत होती, पण कसली गंमत, माझं तोंड काळं झालं. त्यानं आठवड्याच्या सुरुवातीला ‘शांतम्मा’ एकदा वाचली, की मग तुम्ही त्याच नावाखाली मोर लिहा नाहीतर हत्ती लिहा, तो परत वाचायचाच नाही. पहिलंच फूल काढून द्यायचा. संस्कृती तिच्या फुलांना नंबर द्यायची, दर वेळी नवा, म्हणून ती सुटली. तुम्ही काही विसरत नव्हता अप्पा. दुभाषीच आधीचं विसरत नव्हता.

आणि त्याला तसं करायला कोणी सांगितलं होतं? दुभाषीच्या फाइलमध्ये ती ओळ सापडली, तिच्यापुढे लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख असते. नाव माझं. तारीख अव्वाच्या वर्षश्राद्धानंतरच्या आठवड्यातली. तुम्ही म्हणाला होतात की कॉम्प्युटर लई वेळ लावतोय, बसून कंटाळा येतो. मी घाईघाईत पाच मिनिटांत लिहून टाकलं, एकदा वाचलेलं नाव पुन्हा वाचू नकोस. तुमचा वेळ वाचावा म्हणून. आणि अप्पा, ही ओळ मी लिहिल्याचं मला आजही आठवत नाही. अजिबात नाही. एवढ्या सात महिन्यांत एकदाही मला वाटलं नाही की चूक माझी असेल. मशीनवर विश्वास बसला, तुमच्यावर नाही, हे मी कसं काय केलं ते मला अजून उमगत नाही.

ओळ काढून टाकलीय. काल कॉम्प्युटर मध्ये बंद न करता तुमच्या तीन नक्षी लागोपाठ लावल्या, तिन्ही बरोबर निघाल्या. मोराची चादर डब्याखाली घडी करून ठेवलीय, बघा. शेठ आणि सगळ्या कामगारांसमोर मी सांगितलं की चूक माझी होती. तिथंच बोलले होते, तिथंच सांगितलं. शेठ म्हणाले, खुर्ची मास्तरांचीच आहे. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. राग धरलात तरी माझं काही म्हणणं नाही.

परवा आत्या फोनवर तुमच्याबद्दल म्हणाली, चनमल्ला स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतोय, साखर, मीठ, चहा. हातावर तिचंही नाव लिहून ठेवतो म्हणाली. ते ऐकल्यापासून मला जेवण जाईना. लगेच फोन करणार होते, पण मग वाटलं, फोन ठेवल्यावर तुम्ही म्हणाल, श्रीदेवी असं खरंच बोलली की मलाच वाटलं? म्हणून कागदावर लिहिलं. हा कागद सदऱ्याच्या खिशात ठेवा, शंका आली की काढून वाचा, हवं तितक्या वेळा. आणि आधी त्या चिठ्ठ्या काढा अप्पा. तुम्हाला सगळं आठवतंय.

तुमचीच विसरभोळी,
श्रीदेवी