सात हिरव्या बांगड्या

लोहा

दयानंदशेठ,

लातूरला तुमचं आत्मचरित्र घेतलं अन् एसटीत वाचता वाचता लोह्याला उतरायचं सोडून नांदेडला गेलो. कॅसेट कंपनी कशी काढली ते लई भारी लिहिलंय. पण पहिल्या कॅसेटच्या गायिकेचं नाव तुम्हाला आठवत नाही, अन् माइकमध्ये वाजू नयेत म्हणून तिनं काढलेल्या सात हिरव्या बांगड्या मात्र आठवतात, हे कसं?

ती गायिका म्हणजे माझी आई, तारामती. तिला वाचता येत नाही. काल म्हणाली, "माझं नाव हाय का रे त्यात?"

"हाय."

"मंग वाच की."

मी नाव घालून वाचलं. तिनं दोनदा वाचायला लावलं.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुमचं उत्तर आलं, तर तेही तिला वाचून दाखवावं लागेल.

तिचा मुलगा,
शिवम