वीस घरं, बारा माणसं

४ जुलै, शनिवार

जेवताना वाजलंच शेवटी. संदेश म्हणाला, कॅम्पवाला एकवीस तारखेला उत्तर मागायला येतोय. धरणाच्या अंगाची आमची पाचही भातखाचरं त्याला तंबू ठोकायला हवीत, अकरा वर्षांच्या करारावर. आबांचा पाय दिवाळीत मोडला, आत सळई आहे, चिखलात उभं राहायला डॉक्टरांची सक्त मनाई. संदेश कारखान्यात. मग रान करणार कोण? प्रश्न बरोबर आहे. पण सासऱ्यांच्या हातात घास असताना विचारायचा असतो का हा!

आबा घास खाली ठेवून म्हणाले, इर्जिक घालू, गाव येईल. संदेश हसला. मला राग आला नवऱ्याच्या त्या हसण्याचा. मग त्याने अटच घातली. रविवारी, एकोणीसला, एका दिवसात पाचही खाचरांची आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, उरकली तर कॅम्पवाल्याला नाही म्हणायचं. नाही उरकली तर सही.

आणि मी मध्ये तोंड घातलं! म्हटलं, किती माणसं येतील ते मी काढून देते. कॉलेजात पोरांना दुसरं काय शिकवते मी?

५ जुलै, रविवार

लग्न होऊन दीड वर्ष झालं, इर्जिक म्हणजे काय ते आज कळलं. ज्याच्या रानात काम अडलंय त्याच्याकडे घरटी एक माणूस जातं. मजुरी नाही, फक्त दुपारचं जेवण. फुकट! आमच्या लोणावळ्यात कोणी पत्तासुद्धा फुकट सांगत नाही.

आबा म्हणतात, बारा माणसं असली की पाच खाचरं दिवस मावळायच्या आत होतात. बोलावायची घरं वीस, वरच्या ठाकरवाडीची चार धरून.

मग सासूबाईंना घेऊन बसले. ही बाई म्हणजे चालतं दप्तर! गेल्या तीन पावसाळ्यांत गावात कुणाकुणाच्या इर्जिकी झाल्या, कोण आलं, कोण न्हाई, कोण जेवणापुरतं आलं, सगळं तोंडपाठ. मी निवडत होते भाजी आणि मांडत होते आकडे. सरासरी काढली तर एक घर दहा वेळा बोलावलं की सात वेळा येतं.

म्हणजे सरळ द्विपद वितरण. वीस घरं, प्रत्येक घर येण्याची शक्यता ०.७. अपेक्षित माणसं चौदा. बारा किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात एकोणनव्वद! कागद संदेशच्या ताटाखाली ठेवला. त्याने त्यावर आमटीचा ओघळ पाडून परत दिला. वाचला मात्र, घडी बदललेली होती.

६ जुलै, सोमवार

तोंडावर आपटले.

भात वैरता वैरता सासूबाईंना कौतुकाने एकोणनव्वद सांगितलं. म्हटलं, आई, कोंबड्या चौदा माणसांच्या हिशोबाने घेऊ, उगाच वाया नको. त्या पळी हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "समद्यांची हजेरी मांडलीस. आपल्या घराची कुटं हाय?"

मी कागद उलगडून परत बघितला.

म्हणाल्या, आबा चालते होते तोवर एक इर्जिक चुकवली न्हाई. यंदा आवण्या सुरू होऊन आठ दिवस झाले, आपल्या घरातलं कुणी कुटं गेलं? ज्याचं माणूस जात न्हाई त्याच्याकडं माणूस येत न्हाई. फुकट कसलं गं, ते उसनं असतं.

अरे देवा! वर्गात घसा फोडून सांगते, शक्यता कुठून आली ते आधी बघा. आणि मीच सगळ्या घरांसाठी एकच ०.७ घेऊन बसले. आम्ही गेलो काय न गेलो काय, लोक येणारच, असं धरून! लोणावळ्याची शहाणी.

परत विचारलं, जी घरं जात नाहीत त्यांच्याकडे किती येतात? दहात तीन. घातले आकडे. वीस घरं, ०.३. बारा किंवा जास्त: हजारात पाच.

कागद चुलीत टाकला.

७ जुलै, मंगळवार

संदेशला सांगितलं, तू जा कुणाच्या तरी रानात, एखादी सुट्टी काढून. तो म्हणाला सुट्ट्या उरल्या नाहीत. मग दार लोटून निघून गेला. खरं असेलही. पण मला बोलायचंच नव्हतं त्याच्याशी.

अकरावीचे वर्ग सुरू व्हायचेत. मी मोकळी आहे. मला दोन हात आहेत.

८ जुलै, बुधवार

वीस घरांतल्या नंदाबाईंच्या रानात आवणीला गेले. संदेशची जुनी ट्रॅकपँट, वर प्लास्टिकचा कागद. बायका बघतच राहिल्या! नंदाबाईंनी विचारलं, फोटो काढाय आलीस का?

तीन-चार काड्या घ्यायच्या, अंगठ्याने चिखलात दाबायच्या, मागं मागं सरकायचं. ऐकायला किती सोपं! माझी रोपं घटकेत वर तरंगायला लागली. शेजारची मावशी काही न बोलता माझी परत लावत होती. मी मागे सरकता सरकता बसलेच चिखलात. एवढं हसले सगळे, मीही हसले.

जेवायला मात्र माझी भाकरी आधी वाढली.

९ जुलै

कंबर नाही उरलेली. लिहिणार नाही.

१२ जुलै, रविवार

तीन घरं झाली. काल वर ठाकरवाडीत बुधा भाऊंच्या खाचरात होते. त्यांच्या बायकोने, बाया तिचं नाव, माझा हात हातात धरून अंगठा कसा वळवायचा ते दाखवलं. आता रोपं तरंगत नाहीत. बुधा भाऊंनी विचारलं, आबाचा पाय कसा हाय? मी सांगितलं. मग म्हणाले, त्यांनी माझ्या रानात पंधरा वर्षं आवणी केली. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. घरी येऊन आबांना विचारलं तर म्हणाले, त्यात सांगायचं काय?

आधी मला ही जमीन म्हणजे संदेश आणि आबांचं भांडण वाटायचं. आता नाही वाटत. जाऊ नये ती, असं मला वाटतं. मला!

१६ जुलै, गुरुवार

पाच घरं पुरी. आजपासून आमच्याच कामाला लागायचं. नवीन गणित: ही पाच नक्की येतील, ०.९५ धरते. उरलेली पंधरा ०.३. अपेक्षित माणसं सव्वानऊ. बारा येण्याची शक्यता जेमतेम दहाला एक.

हजारात पाचवरून दहाला एक! आठ दिवसांत एवढं वर आलेला विद्यार्थी असता तर पाठ थोपटली असती.

सासूबाईंनी वीस माणसांचा स्वयंपाक सांगितला. म्हटलं, आई, सव्वानऊ येणार आहेत. त्या म्हणाल्या, बोलावलंय विसांना, येवोत न येवोत. मी यादीत विसांची कोंबडी लिहिली.

१८ जुलै, शनिवार

वीस घरी जाऊन सांगून आले. संदेशची उद्या पहिली पाळी, जादा काम. त्याने मुद्दाम घेतलं की काय? विचारलं नाही.

१९ जुलै, रविवार

साडेसहाला बुधा भाऊ पहिले. मग नंदाबाई. माझी पाचही घरं आली, एकही चुकलं नाही! सातपर्यंत आणखी दोन. मग दोन. आठ वाजले. आबा पडवीत खुर्चीवर, काठी गुडघ्यावर, रस्त्याकडे नजर. मीही बघत होते. आणखी कुणी नाही आलं.

नऊ. मी सव्वानऊ काढले होते. स्वतःचं गणित बरोबर आलं म्हणून इतका राग कधी आला नव्हता!

मला धरून दहा जण उतरलो. कुणी पाठ सरळ केली नाही. जेवायला वीस मिनिटं, की परत चिखलात. वीस जणांची कोंबडी नऊ जणांना उरून उरली, सासूबाईंनी डबे भरून दिले. सहाला अंधारून आलं तेव्हा चार खाचरं हिरवी होती. वरचं पाचवं तसंच, कडेला रोपाच्या मुठी पडलेल्या. बुधा भाऊ म्हणाले, अजून तासभर लावतो. आबांनीच नको म्हटलं, लोकांना घरी गुरं आहेत.

संदेश आला. बांधावर जाऊन उभा राहिला, परत आला, जेवला. आबा म्हणाले, चार झाली की. मी आत जाऊन रडले. पाण्याने सुरकुतलेली माझी बोटं बघून अजूनच रडू आलं.

अट अट असते. मंगळवारी सही.

२० जुलै, सोमवार

सकाळी सहाला वरच्या खाचरावर गेले, मुठी वाळू नयेत म्हणून पाण्यात टाकायला. संदेश आत होता. कारखान्याची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाव खाचर लावून झालेलं. मी बांधावर उभीच.

तो मान वर न करता म्हणाला, "बघत काय उभी? मूठ टाक."